रक्त गेलं, नजर कधी येणार?

डोळ्यावरची पट्टी निघाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, मला दिसणार कधी?" डोळ्याच्या पडद्यावरचं रक्त काढण्यासाठी केलेल्या ऑपरेशननंतर या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. डॉक्टर म्हणतात, "बघू, थोडा वेळ द्या." घरचे लोक एकमेकांकडे बघतात. डॉक्टर काहीतरी लपवतायत, असं त्यांना वाटू लागतं.

याचं एक कारण आपल्या सवयीत आहे. डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं, की आपल्याला मोतीबिंदूच आठवतो. महाराष्ट्रात मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव झाली. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या सर्जनांमुळे जे. जे. रुग्णालयाचं नाव खेड्यापाड्यांत पोचलं. शेजारच्या आजी दुसऱ्या दिवशी पट्टी काढून नातवाचा चेहरा ओळखतात, हे प्रत्येकानं पाहिलेलं असतं. मग नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीत पडद्याचं ऑपरेशन करून आलेल्या माणसाला आठवड्याभरात विचारणा सुरू होते: "अजून नाही दिसत? म्हणजे ऑपरेशन फसलं का?"

बहुतेक वेळा ते फसलेलं नसतं. मोतीबिंदूत गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात. मागचा पडदा सहसा धडधाकट असतो, त्यामुळे भिंग स्वच्छ झालं की चित्र लगेच उमटतं. रक्तस्राव होतो तेव्हा मात्र मागचा पडदा, म्हणजे रेटिनाच, आजारी असतो. रक्त हा त्या आजाराचा परिणाम. सर्जन रक्त काढू शकतो, ओढल्या गेलेल्या पडद्याला मोकळं करू शकतो, पण पडदा बदलू शकत नाही. ऑपरेशननंतर किती दिसेल, हे रक्तामागचा पडदा किती शाबूत आहे यावर ठरतं. या प्रकरणातलं बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

रक्त साचतं कुठे?

बुबुळ आणि भिंग यांच्या मागे डोळ्याचा मोठा पोकळ भाग आहे. तो रिकामा नसतो. त्यात व्हिट्रियस नावाचा पारदर्शक, दाटसर पदार्थ भरलेला असतो. वसई-विरार पट्ट्यात उन्हाळ्यात ताडगोळे खाणाऱ्यांना तो समजावून सांगणं सोपं आहे: कोवळ्या ताडगोळ्याचा गर जसा पाणीदार, थरथरता आणि आरपार दिसणारा असतो, तसाच हा. डोळ्यात तो साधारण 4 मिलिलिटर असतो. त्याचा 98 ते 99 टक्के भाग पाणी. उरलेल्यात कोलाजेनचे अतिसूक्ष्म धागे आणि हायलुरॉनिक आम्ल. त्याच्या मागे, डोळ्याच्या आतल्या भिंतीला अस्तर लावावं तसा रेटिना असतो. रेटिनाच्या मधोमध मॅक्युला हा छोटासा भाग आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही सगळी बारीक नजर त्याच्याकडे असते.

रेटिनावरची एखादी नाजूक रक्तवाहिनी फुटली, की रक्त या पारदर्शक पदार्थात पसरतं. थोडं असेल तर डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी, धूर, लाल-काळे धागे तरंगताना दिसतात. जास्त असेल तर समोरच्या माणसाचा हात हललेला कळतो, बोटं मोजता येत नाहीत. काहींना दिवा लागला की विझला एवढंच कळतं. हे सगळं क्षणार्धात होऊ शकतं, आणि त्यात डोळा जराही दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच लोक थांबतात. डोळ्यात कचरा गेला असेल, उष्णता झाली असेल, उद्या बरं वाटेल, अशा आशेवर आठवडे जातात.

रक्त नेमकं कुठल्या थरात आहे, याला फार महत्त्व आहे. व्हिट्रियसमध्ये पसरलेलं रक्त नजर झाकतं, पण पडद्याच्या पेशींना लगेच मारत नाही. मॅक्युलाच्या खाली साचलेलं रक्त मात्र तिथल्या पेशींना इजा करतं. त्यांना मिळणारं पोषण तुटतं आणि रक्तातलं लोह विषारी ठरतं. त्यामुळे "डोळ्यात रक्त आलंय" असं दोघांना सांगितलेलं असलं, तरी एकाची नजर जवळपास पूर्ण परत येते आणि दुसऱ्याची मधली नजर कायमची अधू राहते. शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपला अंदाज बांधू नये, तो यासाठी.

रक्तवाहिनी फुटते का?

सगळ्यात मोठं कारण मधुमेह. वर्षानुवर्षं रक्तातली साखर जास्त राहिली, की रेटिनाच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. काही गळू लागतात, काही बंद पडतात. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो आणि त्याच्या हाकेनं नव्या रक्तवाहिन्या उगवतात. या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या रेटिनावरून व्हिट्रियसच्या पृष्ठभागावर पसरतात आणि व्हिट्रियस जरा आकसला, हलला की फुटतात. त्यांच्यासोबत चिवट पापुद्रे तयार होतात. ते पडद्याला ओढून त्याच्या जागेवरून उचलतात. मधुमेही रुग्णाच्या ऑपरेशनमध्ये सर्जनचा खरा वेळ रक्त काढण्यापेक्षा हे पापुद्रे सोडवण्यात जातो.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. 2015 ते 2019 दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी 16.9 टक्क्यांच्या रेटिनात बिघाड आढळला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आदित्य ज्योत संस्थेच्या नेत्रतज्ज्ञांनी केलेल्या पाहणीतही हे प्रमाण मधुमेहींमध्ये सुमारे 15 टक्के निघालं. मधुमेह हा सुखवस्तू घरांचा आजार, हा समज त्या पाहणीनं पुसून टाकला. दहा-बारा तास घराबाहेर, रात्री उशिरा जेवण, झोप अपुरी, साखर तपासायला सुट्टी नाही: नालासोपारा ते चर्चगेट रोज ये-जा करणाऱ्या माणसाचा दिनक्रम या आजाराला पोसणाराच आहे.

दुसरं कारण रक्तदाब. तो वाढलेला राहिला की रेटिनातली एखादी शीर तुंबते आणि पुढे तिथेही कच्च्या वाहिन्या उगवतात. तिसरं, रेटिनाला पडलेली फट. यात रक्ताबरोबर डोळ्यात वीज चमकल्यासारखं दिसतं, आणि फट वेळेत लेझरनं बंद केली नाही तर पडदा सुटतो. चौथं, भारतात जास्त आढळणारा ईल्स आजार. 1880 मध्ये हेन्री ईल्स या इंग्रज डॉक्टरानं त्याचं वर्णन केलं. यात धडधाकट तरुण पुरुषांच्या डोळ्यात पुन्हा पुन्हा रक्त येतं. त्याचा संबंध क्षयाच्या जंतूंविरुद्धच्या शरीराच्या प्रतिक्रियेशी जोडला जातो. पंचविशीतल्या मुलाला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी एका सकाळी डोळ्यापुढे अंधार येतो, तेव्हा डॉक्टर या आजाराचाही विचार करतात.

पाचवं कारण वसई-विरार पट्ट्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखं: इजा. नालासोपारा पूर्वेला पेल्हार, धानिव बाग आणि पुढे वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथे छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. छिन्नी-हातोडीनं काम करताना, ग्राइंडरवर धार लावताना लोखंडाची कपची उडते आणि डोळ्यात शिरते. बाहेरून इवलीशी जखम दिसते, आत मात्र रक्त भरलेलं असतं आणि कपची रेटिनात रुतलेली असते. अशा कामगारानं डोळा चोळू नये, पाण्यानं जोरात धुऊ नये. वरून कडक झाकण ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जावं आणि लोखंड उडाल्याचं आवर्जून सांगावं, कारण आत लोखंड असताना एमआरआय करणं धोक्याचं आहे. संरक्षक चष्म्याला दीडदोनशे रुपये लागतात. गाळा चालवणाऱ्यानं तो कामगाराला द्यायलाच हवा.

ऑपरेशन: मायामीपासून मुंबईपर्यंत

पन्नास-साठ वर्षांपूर्वी व्हिट्रियसमध्ये रक्त साचलेल्या माणसाला डॉक्टर थांबायला सांगत. रक्त आपोआप विरलं तर विरलं. व्हिट्रियसला हात लावला की डोळा जातो, ही पक्की समजूत होती. अमेरिकेतल्या मायामी इथे डेव्हिड कॅसनर यांनी डोळा पुढून उघडून व्हिट्रियस काढून दाखवला आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला. तिथेच काम करणाऱ्या रॉबर्ट मॅकेमर या जर्मन डॉक्टरांनी पुढचा विचार केला: डोळा न उघडता, बारीक छिद्रातून हे करता येईल का? व्हिट्रियस नुसता ओढला तर त्याच्यासोबत रेटिनाही ओढला जातो. म्हणून आधी कापायचा, मग शोषायचा आणि तितकंच पाणी आत सोडायचं, असं एकाच वेळी तिन्ही कामं करणारं यंत्र हवं होतं. त्यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर प्रयोग केले. 1970 साली त्यांनी या पद्धतीनं पहिलं ऑपरेशन केलं, तेही मधुमेहामुळे डोळ्यात रक्त साचलेल्या रुग्णावर. व्हिट्रेक्टॉमीचा जन्म असा झाला.

भारतात ही विद्या रुजवणाऱ्यांत चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ आणि मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे डॉ. पी. नमपेरुमाळसामी ही नावं अग्रणी. मुंबईत डॉ. एस. नटराजन यांनी रेटिनाच्या शस्त्रक्रियेसाठी मोठं काम केलं. 2016 मध्ये काश्मीरमध्ये छऱ्यांनी डोळे जखमी झालेल्यांवर श्रीनगरला जाऊन ऑपरेशन करणाऱ्या पथकाचं नेतृत्व त्यांनी केलं.

आज या ऑपरेशनची हत्यारं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची असतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन छिद्रं घेतात: एकातून पाणी, दुसऱ्यातून प्रकाश, तिसऱ्यातून कापणारं हत्यार. ते मिनिटाला हजारो वेळा कापतं. बहुतेकदा फक्त डोळा बधिर करतात. रक्त निघाल्यावर पापुद्रे सोडवतात, गरज असेल तिथे आतूनच लेझर मारतात. शेवटी डोळ्यात सलाइन, हवा, वायू किंवा सिलिकॉन तेल ठेवतात. यापैकी काय ठेवलं, हे घरी जाण्यापूर्वी विचारून लिहून घ्या. पुढचे कित्येक आठवडे तुम्हाला काय दिसेल आणि काय करता येणार नाही, हे त्यावरच अवलंबून आहे.

प्रत्येक रक्तस्रावाला लगेच ऑपरेशन लागतं असंही नाही. सोनोग्राफीत पडदा जागेवर दिसला तर डॉक्टर काही आठवडे थांबून बघतात. डोकं उंच ठेवून झोपायला सांगतात, म्हणजे रक्त खाली बसतं आणि वरच्या भागातून रेटिना दिसतो. काही रुग्णांत डोळ्यात इंजेक्शन देऊन कच्च्या वाहिन्या सुकवता येतात. अमेरिकेत 205 डोळ्यांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, इंजेक्शन आणि ऑपरेशन या दोन मार्गांनी गेलेल्यांच्या नजरेत सहा महिन्यांच्या सरासरीत ठळक फरक निघाला नाही. ऑपरेशन झालेल्यांना लवकर दिसू लागलं, एवढंच. पण इंजेक्शनच्या मार्गात वारंवार यावं लागतं. ज्याला ते जमणार नाही, त्यानं हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावं. पडदा सुटला असेल, फट असेल, किंवा माणसाचा तो एकच डोळा चालता असेल, तर मात्र थांबण्यात अर्थ नसतो.

दिवस, आठवडे, महिने

पहिल्या दिवशी दिसणं धूसर असतं. डोळा लाल, पापणी सुजलेली, खरखर, पाणी. आत थोडं रक्त मागे उरलेलं असतं, कधी ऑपरेशननंतर नव्यानंही झिरपतं. अशी धूसरता बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत निवळते. दाट व्हिट्रियस निघून गेलेला असल्यानं आता रक्त पूर्वीपेक्षा लवकर धुऊन जातं.

साधं रक्त होतं, पडदा जागेवर होता आणि आत सलाइनच ठेवलं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फरक जाणवतो. आधी उजेड वाढतो, मग रंग ओळखू येतात, मग मोठी अक्षरं. थेंब चार ते सहा आठवडे चालतात. डोळा स्थिरावून चष्म्याचा नंबर काढायला साधारण दोन-तीन महिने लागतात. त्याआधी घाईनं चष्मा करून पैसे घालवू नयेत.

आत वायू ठेवला असेल तर पहिले दिवस जवळजवळ काहीच दिसत नाही. घरच्यांनी इथे घाबरू नये. वायू विरू लागला की नजरेच्या वरच्या बाजूनं स्वच्छ दिसू लागतं आणि खाली एक हलणारी काळी रेघ राहते. ती रोज थोडी खाली सरकते. वायूच्या प्रकारानुसार याला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. डॉक्टरांनी पालथं झोपायला किंवा मान खाली घालून बसायला सांगितलं असेल तर ते औषधाइतकंच पाळायचं, कारण वायूचा बुडबुडा वर चढतो आणि पडद्याच्या नेमक्या भागावर दाब देतो.

वायू असेपर्यंत विमानप्रवास बंद. घाटही टाळायचा. उंचावर बाहेरची हवा विरळ होते, डोळ्यातला वायू फुगतो आणि वाढलेल्या दाबानं डोळ्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो. नालासोपाऱ्यात राहणाऱ्या अनेकांचं गाव नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे आहे. "गावी नेऊन आराम देऊ" असं घरच्यांना सुचतं, पण कसारा किंवा खंडाळ्यासारखा घाट चढल्याशिवाय तिकडे जाता येत नाही. डॉक्टरांनी वायू विरल्याचं सांगेपर्यंत गावी जाणं नको. लोकलच्या प्रवासाला ही अडचण नाही. मधल्या काळात दुसरं काही ऑपरेशन करायची वेळ आलीच, तर डोळ्यात वायू असल्याचं भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

सिलिकॉन तेल असेल तर नजर धूसर राहते आणि चष्म्याचा नंबर बराच बदलतो. ते तेल बहुधा तीन ते सहा महिन्यांनी दुसऱ्या छोट्या ऑपरेशननं काढतात. तोवर अंतिम नजरेचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. व्हिट्रेक्टॉमीनंतर, विशेषतः पन्नाशीपुढच्या माणसाला, एक-दोन वर्षांत त्याच डोळ्यात मोतीबिंदू वाढतो. आलेली नजर पुन्हा मंद होऊ लागली, की लोक खचतात. पण मोतीबिंदूवर उपाय आहे. ऑपरेशन बिघडल्याची ती खूण नव्हे.

शेवटी किती दिसेल?

या प्रश्नावर जुना आणि महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा आहे. मधुमेहामुळे दाट रक्तस्राव झालेल्या 616 डोळ्यांचे दोन गट केले: एकाचं ऑपरेशन लवकर, दुसऱ्याचं वर्षभर थांबून. 1985 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी लवकर ऑपरेशन झालेल्यांपैकी 25 टक्के डोळ्यांना 6/12 किंवा त्याहून चांगली नजर मिळाली. थांबलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. त्या काळची हत्यारं जाड होती, आतून लेझर मारण्याची सोयही आजच्याइतकी नव्हती. आजचे निकाल त्याहून चांगले आहेत. पण त्या चाचणीनं दिलेला धडा कायम आहे: वेळेला किंमत आहे, आणि उत्तम ऑपरेशननंतरही सगळ्यांची नजर सारखी येत नाही.

फरक कशानं पडतो? मॅक्युला जागेवर होता की सुटला होता, आणि सुटला असेल तर किती दिवस, हे पहिलं. मॅक्युलाच्या रक्तवाहिन्या चालू आहेत की बंद पडल्यात, हे दुसरं. वाहिन्या बंद असतील तर रक्त पूर्ण निघूनही मधली नजर येत नाही. मॅक्युलाला सूज आहे का, हे तिसरं. सुजेवर इंजेक्शनं आहेत. डोळ्याचा दाब वाढून नस सुकली आहे का, हे चौथं. ऑपरेशनपूर्वी रक्ताच्या आड यातलं बरंचसं दिसतच नाही. सोनोग्राफी पडद्याची जागा सांगते, त्याची ताकद सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टरांचं "बघू" हे प्रामाणिक उत्तर असतं. त्यांना विचारायचा उपयुक्त प्रश्न असा: "माझा मॅक्युला कसा आहे?" ऑपरेशननंतर ओसीटी ही न दुखणारी तपासणी करून ते याचं नेमकं उत्तर देऊ शकतात.

नजर मोजण्याची भाषाही समजून घ्यावी. 6/60 म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर 60 मीटरवरून दिसतं, ते या डोळ्याला 6 मीटरवरून दिसतं. अंधुक उजेड कळण्यापासून 6/60 पर्यंत येणं तक्त्यावर किरकोळ वाटेल. पण ज्याला बाथरूमपर्यंत हात धरून न्यावं लागत होतं, तो आता घरात एकटा वावरतो. 6/18 ला माणूस बरीच कामं स्वतः करतो. आकडा सुधारला तरी सरळ रेघ वाकडी दिसणं, रंग फिके वाटणं, संध्याकाळच्या उजेडात अडखळणं काही महिने राहू शकतं. भरपूर लेझर झालेल्या डोळ्याची कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होते. मधली नजर वाचवण्यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

एकाच डोळ्यानं दिसत असेल तर अंतराचा अंदाज चुकतो. फलाट आणि डबा यांच्यामधली फट, पुलाची शेवटची पायरी, रिक्षा चालवताना बाजूनं येणारी दुचाकी: इथे धोका असतो. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय वाहन चालवू नये. दोन्ही डोळ्यांची नजर कमी राहिली तर मोठं करून दाखवणारी भिंगं, मोबाइलवरची ठळक अक्षरं आणि वाचून दाखवण्याची सोय यांनी बरंच साधतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी दोन्ही डोळ्यांचा एकत्र विचार होतो. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ते 30 टक्के धरतात. सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात.

नालासोपाऱ्याहून येणाऱ्या रुग्णासाठी

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशन करायचं, तर या भागातला रुग्ण बहुधा जे. जे., केईएम किंवा नायरला जातो. नालासोपारा चर्चगेटपासून सुमारे 56 किलोमीटरवर आहे. ऑपरेशन एकदाच होतं, पण तपासणीच्या फेऱ्या अनेक: दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, आणि पुढेही. नजर पुष्कळदा इथे हरते. थोडं दिसायला लागलं, की रोजंदारी बुडवून गर्दीतून पुन्हा जायचा कंटाळा येतो. दरम्यान थेंबांमुळे डोळ्याचा दाब वाढलेला असतो किंवा कच्च्या वाहिन्या पुन्हा उगवत असतात, आणि यातलं काहीच दुखत नाही.

म्हणून फेऱ्यांचं नियोजन ऑपरेशनच्या आधी करा. पहिले काही आठवडे सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चढू नका; कोपर लागण्याची भीती खरी आहे. डॉक्टरांना दुपारची वेळ मागा, सोबत माणूस न्या. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून वसई-विरार दरम्यानची वाहतूक बंद पडली होती. पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर थेंब आठवडाभर पुरतील इतके जास्त घेऊन ठेवा आणि साचलेल्या पाण्यातून चालताना ते डोळ्यात उडू देऊ नका. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. तिच्या यादीत रेटिनाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन भरती होण्यापूर्वी त्यांना भेटा, नंतर नव्हे.

आणि पुढील गोष्टी घडल्या तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघा: डोळा जोरात दुखू लागला, लाली वाढली, पू आला, आलेली नजर एकाएकी गेली, बाजूनं काळा पडदा सरकत आला, किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या. हृदयासाठी चालू असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डोळ्यात रक्त आलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. त्यामुळे हृदयाला धोका होतो. तो निर्णय डोळ्याच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो.

दुसरा डोळा

ऑपरेशन झालेल्या डोळ्याकडे सगळं घर लक्ष देतं. दुसऱ्या डोळ्याकडे कुणी बघत नाही, कारण त्यातून दिसत असतं. मधुमेह मात्र दोन्ही डोळ्यांना सारखाच लागलेला असतो. त्या डोळ्यात आज कच्च्या वाहिन्या असतील तर वेळेवर केलेला लेझर मोठ्या दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी करतो, हे 1976 मध्येच सिद्ध झालं आहे. साखर काबूत ठेवण्याचा फायदाही मोजलेला आहे. 1997 मध्ये पूर्ण झालेल्या ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, एक टक्क्यानं कमी असली तर बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 37 टक्क्यांनी कमी आढळले. रक्तदाब आटोक्यात ठेवल्यानंही डोळा वाचतो.

तेव्हा घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज एक काम करा. त्या माणसाच्या डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला, ते विचारा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून डॉक्टरांनी आत बघितलं पाहिजे. मधुमेह कळला त्याच वर्षी एकदा, आणि त्यानंतर दर वर्षी एकदा, उत्तम दिसत असलं तरी. रक्त आल्यानंतरचं ऑपरेशन उरलेली नजर परत देतं. पूर्ण नजर वाचवायची संधी मात्र रक्त येण्याआधीच असते. ती संधी दवडू नका.